ऐकती बारव

तहरीम शिकलगारचा राग आष्ट्यात सगळ्यांना ठाऊक होता. तिचे वडील इमामभाई बाजारपेठेत कात्र्या-कोयत्यांना धार लावून द्यायचे, आणि आपल्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पात्यांत जास्त धार ह्या पोरीलाच लागली, असं गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. इमामभाई गेले, दुकान बंद झालं, पोरगी पुण्याहून वास्तुकला शिकून परत आली, तरी धार तेवढीच राहिली. दारापुढे गाडी लावून जाणाऱ्या शेजाऱ्यापासून दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यापर्यंत सगळे तिला वचकून असायचे, आणि तिची अम्मी, नूरजहां, वरवर कपाळाला हात लावत असली तरी कुठे अडलं की तिलाच पुढे करायची.

नोकरी सांगलीला, जयराज नावाच्या सल्लागाराच्या कार्यालयात होती. काम असं, की एखाद्या जुन्या संरक्षित वास्तूजवळून कुणाला रस्ता न्यायचा असतो, कुणाला टाकी बांधायची असते. तर ते करण्याआधी त्या वास्तूला धक्का लागेल का, लागला तर किती, आणि तो टाळायचा कसा, हे कुणीतरी जागेवर जाऊन पाहायचं आणि अहवाल द्यायचा. बोलायला किती मानाचं काम! प्रत्यक्षात ज्यांना रस्ता करायचा त्यांनीच जयराजला नेमलेलं असायचं, अहवालाचा शेवट जयराजच्या डोक्यात आधीच ठरलेला असायचा, आणि तहरीमने ऊन खात, मापं घेत त्याच्या अलीकडची पानं भरायची असायची. त्या शेवटासाठी जयराजचा एक लाडका शब्द होता. ‘परिणाम नगण्य.’

तहरीम ह्या शब्दाशी दरवेळी भांडायची आणि दरवेळी हरायची, कारण भांडताना तिचा आवाज चढायचा. पलूसकडच्या एका गावाची जुनी वेस पाडायची निघाली तेव्हा बैठकीत तिने टेबलावर हात आपटला आणि साहेबांच्या पुढ्यातला चहा सांडला. “मॅडम, शांत व्हा,” असं चारी बाजूंनी सुरू झालं, मग वेशीचं राहिलं बाजूला आणि सगळी चर्चा मॅडमच्या स्वभावावर गेली. वेस पाडली. त्या बैठकीतल्या एकालाही आता वेशीची कमान आठवत नसेल, सांडलेला चहा मात्र सगळ्यांना आठवतो. हे आठवलं की आजही तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून तांबजाईवाडीचं काम हाती आलं तेव्हा तिने मनाशी गाठ मारली, की तिथली बारव जाऊ द्यायची नाही.

तांबजाईवाडी रहिमतपूरच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात. रस्ता रुंद करायचा होता आणि गावाबाहेरची बारव बरोबर त्याच्या वाटेत येत होती. बेत असा, की बारव मुरूम टाकून भरायची, वरून रस्ता न्यायचा आणि तिच्या वरच्या थराचे चार दगड ग्रामपंचायतीपुढच्या बागेत आठवण म्हणून मांडायचे. चार दगड! माणूस पुरून त्याची टोपी खुंटीला अडकवण्यातला प्रकार. तहरीमने बारव पाहिली आणि मापाची टेप हातात तशीच धरून ती खाली उतरत गेली. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, निम्म्यात एक कमान, कमानीखालून गेलं की एकदम गार वाटायचं आणि खाली हिरवट, स्वच्छ, अजिबात न हलणारं पाणी. दोन्ही बाजूंच्या भिंतींत दिव्यांच्या देवळ्या. इतक्या वर्षांत एक चिरा निसटलेला नव्हता, फक्त काही ठिकाणी सांध्यांतून बारीक भेगा गेल्या होत्या.

आणि ह्या बारवेसाठी गावाची एकही हरकत नव्हती. सुनावणीला अख्खा गाव आला होता, चहा प्याला होता आणि हसतमुखाने घरी गेला होता.

“तुम्हाला काहीच वाटत नाही?” तिने सरपंचांना विचारलं. आप्पासो सरपंच म्हणजे पांढऱ्या मिशांचा, शांत चेहऱ्याचा माणूस.

“वाटतं की. लय वाटतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“राग आल्ता बगा तवा,” आप्पासो म्हणाले. “मग टाकून आलो.” आणि ते हसले. ते हसू ती नंतर गावभर पाहत राहिली. कुणाशीही बोला, कुणाला कितीही टोचा, उत्तराला तेच हसू. तिला ह्या माणसांचा संताप यायला लागला होता. तुमची बारव, तुमचं गाव, आणि भांडायचं मी आष्ट्याहून येऊन?

मापं घेताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली. अशा खोल, दगडी जागेत आवाज घुमतो. कमानीखाली उभं राहून हाका मारून बघायची तिची जुनी सवय. घुमण्यावरून पोकळीचा अंदाज येतो. इथे तिने हाक मारली आणि काहीच आलं नाही. तिने पुन्हा, जोरात, स्वतःचं नाव घेतलं. आवाज पाण्याकडे गेला आणि गेलाच. शेवाळामुळे असेल, म्हणून तिने सोडून दिलं.

मग तिने भेगांवर काचपट्ट्या लावल्या. साधी रीत आहे ही. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला पक्की करायची. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. वरच्या रस्त्याचं काम अलीकडच्या टप्प्यात सुरू झालंच होतं. रोलर धडधडत बारवेच्या अंगावरून गेल्यासारखा जाई, उसाच्या ट्रॉल्या खड्ड्यांतून आदळत जात, आणि तहरीम खाली उभी राहून पट्ट्यांकडे बघत असे. एकही तडकली नाही. तिच्या दृष्टीने ही वाईटच बातमी होती. रोलरने पट्टी तडकली असती तर जयराजच्या तोंडावर फेकायला पुरावा झाला असता.

दुसऱ्या खेपेला ती आली तेव्हा धनाजी नावाचा एक गडी पायऱ्या चढून वर येत होता. बांधावरून त्याचं भावाशी वाजलेलं आहे हे तिच्या कानावर आलं होतं, पण वर आला तो अंघोळ करून आल्यासारखा ताजातवाना. ती खाली गेली तर दोन पट्ट्या मधोमध तडकलेल्या.

“हात लावलास ना पट्ट्यांना?” ती वर येऊन कडाडली. “काय करत होतास खाली?”

“काय न्हाई ओ बाई. भावाचं बोलून आलो,” धनाजी म्हणाला, हसला आणि चपला पायांत सरकवून चालू लागला. वळून पाहण्याचं नावसुद्धा नाही.

पट्टीला हात लावून ती अशी तडकत नाही, हे तिला खरं तर कळत होतं. आतून दाब आल्यासारखी ती बाहेरच्या बाजूला फुगून तडकली होती. नव्या पट्ट्या लावून ती त्या दिवशी कमानीच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. दुपारी बनाबाई आली. ही सरपंचांच्या शेजारची, साठीतली, एकटी राहणारी बाई. तहरीमला दोनदा जेवायला घालून तिने हक्काने ‘बाई’ म्हणायला सुरुवात केली होती. बनाबाईने चपला वर काढल्या आणि फिरवून, तोंड गावाकडे करून ठेवल्या. खाली शेवटच्या पायरीवर बसली, पाण्यावर वाकली आणि हळू आवाजात बोलू लागली. शब्द वर येत नव्हते. पाणी हललं नाही. फक्त एक आवाज आला, बारीक आणि कोरडा. कट्.

बनाबाई वर आली. तिच्या कपाळावरची आठी गेली होती.

“मावशी, हे काय असतं?”

“काय असायचं? माज्या सुनंनं मला घरातनं काडलं, त्याचं बोलून आले. दर आटवड्याला साटतं, दर आटवड्याला टाकते.” तिने पायांत चपला सरकवल्या. “गावातली समदी टाकत्यात. माजी सासू टाकायची, तिची सासू टाकायची. म्हनून तर आमच्यात कवा कोयता निगाला न्हाई. येताना मागं बगायचं न्हाई तेवडं.”

तहरीमच्या अंगावर काटा आला तो आनंदाने. इतकी जिती प्रथा! नुसत्या दगडांपेक्षा हे किती मोठं होतं. हे अहवालात आलं तर बारव भरायची कुणाची छाती आहे? तिने फोन काढला. “मावशी, हेच मला सांगाल? जसं खाली बोललात तसंच. मी ऐकते.”

बनाबाईने फोन हाताने बाजूला केला. “तुमाला सांगून काय व्हनार बाई? तुमी परत बोलता. ऐकनारं परत बोललं न्हाई पायजे.”

संध्याकाळी जयराजला तिने फोनवर सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे काचा माणसांमुळे तुटल्या, रोलरमुळे नाही?”

“हो, पण तो मुद्दा…”

“तोच मुद्दा आहे, तहरीम. रस्त्याचा परिणाम नगण्य. छान झालं.”

तिने फोन पालथा टाकला. एखाद्या माणसाला इतकं साधं, इतकं गुळगुळीत नीच होता येतं, हे तिला दरवेळी नव्याने कळायचं. तिने अहवाल तिच्या मनासारखा लिहिला. परिणाम गंभीर. बारव भरता कामा नये. गावाची प्रथा इथून हलवता येण्यासारखी नाही.

अहवालावर निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक साताऱ्याला होती, तिच्या आदल्या दिवशी तहरीम शेवटचे फोटो काढायला तांबजाईवाडीला गेली. बारवेच्या काठावर मुरमाचे ढीग येऊन पडले होते. बैठक उद्या, आणि मुरूम आजच! ती तिथेच उभी होती तेव्हा जयराजचा फोन आला. अहवालाचा शेवट त्याने बदलला होता, खाली तिचंच नाव ठेवलं होतं आणि समितीकडे पाठवूनही दिला होता. “उद्या तुम्ही फक्त हजर राहा,” तो म्हणाला. “कुणी विचारलंच तर बोला. आणि प्लीज, आरडाओरडा नको. पलूसचं लोक अजून विसरलेले नाहीत.”

तिने मुरमाच्या ढिगाला लाथ घातली.  बनाबाई शेरडं घेऊन चालली होती ती थांबली.

“लय हाय की ओ आत,” ती म्हणाली. “उद्या अशाच बोलनार व्हय साताऱ्यात?”

हेच तर तिलाही कळत होतं. अशीच बोलणार, आवाज चढणार, हात आपटणार, आणि बारवेच्या जागी पुन्हा तिच्याच स्वभावाची चर्चा होणार. उद्या तिला शांत राहायला हवं होतं. एकदाच, ह्या एका दिवसापुरतं. एकेक मुद्दा, पाण्यासारखा थंड.

“टाकून जावा,” बनाबाई म्हणाली. “हलकं वाटंल. मग बोला निवांत.”

तहरीमने बूट काढले आणि तोंड गावाकडे करून ठेवले. स्वतःशी हसली सुद्धा, शिकलेली बाई म्हणून. कमानीखालून गेली, शेवटच्या पायरीवर बसली, वाकली. पाण्यात तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. तिने जयराजपासून सुरुवात केली. मग पलूसची वेस आली, सांडलेला चहा आला, मॅडम शांत व्हा म्हणणारे सगळे आवाज आले. मग वडिलांना दवाखान्यात ताटकळत ठेवणारा माणूस आला, पुण्यात आडनाव ऐकून खोली नाकारणारी घरमालकीण आली, शाळेच्या वाटेवरचा तो सायकलवाला आला, ज्याचं तिने अम्मीलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलेलं केव्हाच संपलं होतं आणि तोंड चालूच होतं. आपण थांबायला हवं असं तिला एकदा वाटलं, पण थांबवायला जो एक कडकपणा लागतो तोही बोलण्याबरोबर निघून चालला होता. आजूबाजूला कट्, कट्, कट् असे आवाज येत होते आणि पाण्यावर एक तरंग उठत नव्हता.

ती वर आली ती मागे न पाहता. उसाचा गोडसर वास येत होता, भूक लागली होती. मुरमाचे ढीग उन्हात छान तांबडे दिसत होते.

बैठक साताऱ्यात एका लांबट खोलीत झाली. जयराज तिच्या शेजारी अंग चोरून बसला होता, चहाचा कप तिच्या हातापासून लांब सरकवून. समितीच्या अध्यक्षांनी सौजन्याने विचारलं, की मॅडम, जागेवर तुम्ही होतात, तुमचं मत काय?

तहरीमला सगळं आठवत होतं. पायऱ्यांची मापं, कमान, भेगा, काचपट्ट्या, बदललेला शेवट, कालचे मुरमाचे ढीग. एकही गोष्ट विसरली नव्हती. फक्त त्यातलं काही बोलायचं तर ते कशासाठी, हे तिला सापडेना. जिथे हात घातला की सापडायचं तिथे गुळगुळीत, गार दगड लागत होता.

“परिणाम नगण्य आहे,” ती म्हणाली.

जयराजने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आनंद व्हायला हवा होता त्याला, पण तो दचकला होता.

समितीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, “गावकऱ्यांची तिथे काही प्रथा आहे म्हणतात. तिचं काय?”

“पर्यायी व्यवस्था करता येईल.”

“ती कशी?”

“ऐकणारं कुणीही चालतं,” तहरीम शांतपणे म्हणाली. “परत बोलणारं नको, एवढंच.”

खोलीत थोडा हशा पिकला आणि तेवढं वाक्य नोंदवून विषय संपला. आठवड्याच्या आत बारव भरली. मुरूम खाली जाताना पाणी वर यायला हवं होतं, ते आलं नाही, असं रोलरवाला नंतर कुणाकुणाला सांगत होता.  चार दगड बागेत मांडले गेले.

तहरीम सांगलीला जात राहिली, सांगितलेली पानं भरत राहिली. नूरजहांला आधी बरं वाटलं. पोरगी निवळली म्हणून तिने दर्ग्यावर चादरसुद्धा चढवली. मग शेजाऱ्याने गाडी पार उंबऱ्याला भिडवून लावली आणि तहरीम अंग चोरून बाजूने आत आली तेव्हा नूरजहांला कसंसं झालं. ती तिला मुद्दाम टोचून बघू लागली. आमटीत मीठ जास्त टाकलं, तिचं ठेवणीतलं कापड कामवालीला देऊन टाकलं, इमामभाईंचा धारेचा दगड भंगारवाल्याला घातला. तहरीम “बरं” म्हणाली. त्या दिवशी नूरजहां तिच्यापुढे बसून रडली. “भांड गं माझ्याशी,” ती म्हणाली. “एकदा तरी भांड.” तहरीमने तिचे डोळे पुसले. अम्मी का रडते आहे हे तिला नीट कळत होतं, आणि तेवढंच.

रविवारी सकाळी ती दारात आली तर पायरीवर चपला होत्या. पाच-सहा जोड, लाल मातीने भरलेले, नीट ओळीने मांडलेले, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. ओट्यावर बायामाणसं टेकून बसली होती. धनाजी नव्हता, त्याची बायको होती. तिच्या डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली. बनाबाई उठून पुढे आली.

“रस्ता लय झ्याक झालाय बगा,” ती म्हणाली. “पर टाकायचं कुटं? धनाजीनं भावावर कोयता उचलला. आडवी गेली ही. आप्पासो घरातनं भाईर पडंना, सोताच्या हातांचं भ्या वाटतं म्हनतो.” ती थांबली. तहरीम काहीतरी म्हणेल म्हणून तिने वाट पाहिली. मग तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, ओळखीचं हसू उमटलं. “तुमी साताऱ्यात सांगितलंत म्हनं, दुसरी येवस्ता हुईल. आता तुमी परत बोलत न्हाई. व्हय न्हवं?”

तहरीमने दार पूर्ण उघडलं. बनाबाई अनवाणी आत आली. तहरीम खुर्चीवर बसली, बनाबाई तिच्यावर वाकली, आणि गरम श्वासाबरोबर शब्द कानात शिरू लागले. सून, घर, अंगणात फेकलेलं गाठोडं, पावसात काढलेली पहिली रात्र. तहरीम ऐकत होती. शब्द आत जात होते आणि खाली, कुठेतरी फार खाली, आवाज न करता पोहोचत होते.

कट्.

“काय तुटलं गं?” आतून अम्मीने घाबरून विचारलं.

तहरीमने घरभर नजर फिरवली. काच, कप, आरसा, सगळं जागच्या जागी होतं. बनाबाई मागे न पाहता उंबरा ओलांडून गेली होती आणि धनाजीची बायको दारात येऊन उभी होती.

“काही नाही,” तहरीम म्हणाली, आणि दुसरा कान पुढे केला.